काकडीचं पान कोरडं ठेवा: घरच्या वेलाला रोगांपासून जपण्याच्या पायऱ्या

काकडी पहिल्यांदाच लावणाऱ्याची निराशा ठरलेल्या वेळी येते. बी पेरल्यावर चार-पाच दिवसांत कोंब वर येतो, तीनेक आठवड्यांत वेल ताटीला हात घालतो, पस्तीस-चाळीस दिवसांत पिवळी फुलं दिसू लागतात. घरातलं प्रत्येक माणूस रोज एकदा जाऊन बघून येतं. आणि पहिल्या दोन-तीन काकड्या हाताशी आल्या न आल्या, तोच खालची पानं पिवळी पडतात, मग तपकिरी होतात, मग कागदासारखी चुरचुरीत. आठ-दहा दिवसांत वेल संपतो.

पुण्यातल्या गच्चीवरचा माझा पहिला वेल असाच गेला. जुलै महिना होता. ज्या दिवशी पाऊस नसेल त्या दिवशी मी संध्याकाळी घरी आल्यावर पाइप घेऊन वरून सगळा वेल न्हाऊ घालत असे. मायेनेच करत होतो. ती पानं मग रात्रभर ओली राहायची आणि सकाळी नऊपर्यंत सुकायची नाहीत. काकडीच्या रोगांत सगळ्यांत जास्त नासाडी करणाऱ्या केवडा या रोगाला नेमकं हेच हवं असतं. म्हणून या लेखात औषधं शेवटी आणि थोडी आहेत. पाणी कधी आणि कुठे घालायचं आणि पान उलटून काय बघायचं, यावरच जास्त लिहिलं आहे.

पहिली पायरी: हंगाम निवडा

महाराष्ट्रात काकडीची लागवड मुख्यतः दोनदा होते, जानेवारी-फेब्रुवारीत आणि जून-जुलैत. पहिलाच वेल असेल तर तो जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत लावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. हवा कोरडी असते, पान लवकर सुकतं, आणि तेव्हा येणाऱ्या भुरीला (पानावर पांढरे डाग पाडणारा रोग) व लाल कोळ्याला (पानाखालची बारीक कीड) घरच्या घरी आवरता येतं. एक हंगाम हाताखालून गेला की मग पावसाळ्यातला वेल लावा.

आता कोकणातले वाचक म्हणतील की आमच्याकडे काकडी पावसाळ्यातच होते. खरं आहे. परसातल्या मांडवावरची तवशी, म्हणजे काकड्या, श्रावण-भाद्रपदातच लोंबतात. गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीच्या सांता आना चर्चमध्ये जुलैच्या अखेरीस तवशांचं फेस्त भरतं आणि भाविक काकड्या अर्पण करतात, इतकं ते पीक त्या दिवसांचं आहे. पण कोकणातला मांडव नीट बघा. तो डोक्याच्या वर असतो, चारी बाजूंनी मोकळा असतो, आणि पानं मातीपासून पाच-सहा फूट उंच राहतात. शहरातल्या बाल्कनीत तीन बाजूंना भिंती आणि वेल कठड्यावर गोळा झालेला, असं असताना तोच पाऊस वेलाला सोसत नाही.

दुसरी पायरी: जागा, कुंडी आणि माती

सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी, आणि त्यात सकाळचं ऊन असलंच पाहिजे. दुपारचं ऊन वेलाला वाढवतं, सकाळचं ऊन त्याच्या पानांवरचं दव सुकवतं. पूर्वेकडची बाल्कनी चार तासांच्या उन्हाचीच असली तरी मी ती पश्चिमेच्या बाल्कनीपेक्षा पसंत करीन.

कुंडी किंवा ग्रो बॅग किमान पंधरा इंच रुंद आणि तेवढीच खोल घ्या. त्यात दोनच वेल. तिसरा लावायचा मोह होतो, पण दाटी झाली की आतली पानं सुकत नाहीत. जमिनीत लावत असाल तर दोन वेलांत दोन फूट अंतर सोडा. कुंडीच्या तळाची भोकं मोकळी आहेत का ते बघा आणि कुंडी विटांवर ठेवा, म्हणजे खाली पाणी तुंबणार नाही.

मिश्रण साधं आहे: एक भाग बागेची माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलं, काळंभोर, वास नसलेलं हवं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि कोवळी मुळं पोळतात. ज्या मातीत मागच्या वर्षी काकडी, दुधी, दोडका, कारलं किंवा भोपळा होता ती माती यासाठी वापरू नका. ही सगळी एकाच कुळातली पिकं आहेत, आणि मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं तग धरते.

मातीतल्या या बुरशीसाठी ट्रायकोडर्मा घ्या. कृषी सेवा केंद्रात भुकटीच्या रूपात मिळतो. ट्रायकोडर्मा स्वतः एक बुरशीच आहे, पण ती रोग आणणाऱ्या बुरशीवर जगते आणि मुळांभोवतीची जागा आधीच धरून ठेवते. एक मोठा चमचा भुकटी दोन-तीन किलो ओलसर शेणखतात मिसळा, वर ओलं गोणपाट टाका, आठवडाभर सावलीत ठेवा आणि मग ते खत कुंड्यांत वाटून घाला. ही जिवंत वस्तू आहे. पाकिटावरची मुदत बघून घ्या, उन्हात ठेवू नका, आणि हे घातलेल्या मातीत रासायनिक बुरशीनाशक ओतू नका.

तिसरी पायरी: बी

गावरान चवीसाठी पूना खिरा चांगला. पांढऱ्या सालीची काकडी आवडत असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हिमांगी हा वाण बघा. संकरित वाणाच्या पाकिटावर केवडा आणि भुरीला सहनशील असं लिहिलेलं असेल तर नवख्याने तेच घ्यावं. फक्त सहनशील म्हणजे काय ते समजून घ्या. रोग येणार, पण उशिरा येणार आणि हळू पसरणार. काळजी घ्यावीच लागते.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा लाल दिसलं तर त्याला आधीच बुरशीनाशक लावलेलं आहे. हातमोजे घालून पेरा, नंतर हात धुवा, वर आणखी काही लावू नका. घरचं किंवा साधं बी असेल तर थोडं ओलं करून त्याला चिमूटभर ट्रायकोडर्मा चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. आणि घरचं बी धरायचं असेल तर ते निरोगी वेलाचंच धरा, करप्याची बुरशी बियांबरोबर पुढच्या पिकात जाते.

दोन सेंटिमीटर खोल, एका जागी दोन बिया. कोंब येईपर्यंत माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. आज उभं असलेलं रोप उद्या जमिनीलगत मानेशी बारीक होऊन आडवं झालेलं दिसलं, तर ती रोपांची मर. तिचं कारण बहुतेक वेळा जास्त पाणी हेच असतं. पडलेलं रोप वाचत नाही. ते काढा, माती दोन दिवस सुकू द्या आणि पुन्हा पेरा. दोन्ही रोपं जगली तर कमजोर रोप उपटू नका, कात्रीने कापा. उपटताना शेजारच्याची मुळं दुखावतात.

चौथी पायरी: वेल वर चढवा

जमिनीवर पसरलेला वेल घरच्या बागेत नकोच. नायलॉनची जाळी, बांबूची ताटी, जुन्या खिडकीचे गज, काहीही चालेल, पण पाच-सहा फूट उंच आणि दोन्ही बाजूंनी वारा जाईल असं. भिंतीला चिकटून नको, निदान एक वीत अंतर सोडा.

वेल कमरेएवढा झाला की जमिनीपासून फूटभरातली पानं काढायला लागा. एका दिवशी दोन-तीनच. खालच्या चार-पाच पेऱ्यांतून फुटणाऱ्या बगलफुटीही खुडा. यामुळे बुडाशी हवा खेळते, आणि पाणी घालताना उडणारी माती पानाला लागत नाही. मातीच्या शिंतोड्यांबरोबर करप्यासारखे रोग पानावर चढतात, म्हणून कुंडीत वरून सुक्या पाचोळ्याचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन बोटं जाड थर द्या. खोडाभोवती मात्र थोडी जागा मोकळी सोडा. कात्री एका वेलावरून दुसऱ्यावर नेताना स्पिरिटने पुसा. आणि वेल ओला असताना त्याला हात लावू नका, कितीही घाई असली तरी.

युरिया घालू नका. हिरवीगार लुसलुशीत पानं दिसतात खरी, पण तीच पानं मावा आणि बुरशी दोघांनाही आधी सापडतात. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरतं.

पाचवी पायरी: पाणी

पाणी सकाळी द्या. बुडाशी द्या. पानांवर नको.

यामागचं कारण समजलं की नियम लक्षात ठेवावा लागत नाही. केवड्याचे बीजाणू वाऱ्यावरून येतात. आपल्याकडे वर्षभर कुठे ना कुठे काकडीवर्गीय पीक उभं असतंच, त्यामुळे ते हवेत येणार नाहीत असा दिवस धरून चालू नका. पण कोरड्या पानावर पडलेला बीजाणू काही करू शकत नाही. त्याला रुजायला पानावर पाणी लागतं, आणि हवा पंधरा-वीस अंशांची असेल तर दोनेक तासांची ओलही त्याला पुरते. संध्याकाळी भिजवलेलं पान दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत ओलं राहतं, म्हणजे आपण त्याला बारा-चौदा तास देतो. सकाळी सातला बुडाशी घातलेल्या पाण्याचे थेंब पानावर उडालेच तर नऊच्या आत सुकून जातात.

किती पाणी द्यायचं ते बोटाने ठरवा. मातीत बोटाची दोन पेरं खुपसा, कोरडं लागलं तर द्या. पंधरा इंची कुंडीला फेब्रुवारीत साधारण दोन लिटर, एप्रिलमध्ये त्याहून जास्त, पावसाळ्यात कित्येक दिवस काहीच नाही. बाहेरगावी जाणाऱ्यांनी झाकणाला बारीक भोक पाडलेली बाटली वेलाशेजारी उलटी खोचावी. थेंबथेंब पाणी मुळाशीच जातं.

पावसाळ्यात वेलाच्या वर पारदर्शक प्लॅस्टिकचं छप्पर करा, बाजू उघड्या ठेवा. पाऊस तिरका येतो तिकडे छप्पर थोडं पुढे काढा. चारही बाजूंनी प्लॅस्टिक लावून बंद खोली केलीत तर आत दमट हवा कोंडते आणि छपराचा उपयोग उलटा होतो.

सहावी पायरी: पान उलटून बघा

रोज सकाळी पाच मिनिटं द्या. खालून तिसरं-चौथं पान धरा, वरून बघा, मग उलटून बघा. घरच्या बागेत याच्याइतकं उपयोगी काम दुसरं नाही, आणि बहुतेक लोक नेमकं पान उलटायचं विसरतात.

केवडा. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे ठिपके येतात, आणि ते गोल नसतात. ते शिरांच्या मध्ये अडतात, म्हणून कोनदार, चौकटी पाडल्यासारखे दिसतात. पान उलटलं की त्याच जागी करडी-जांभळट लव दिसते. ही लव सकाळी दव असताना स्पष्ट दिसते, दुपारी शोधलीत तर सापडणार नाही. रोग शिरल्यावर ठिपका उमटायला चार ते दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे आज ठिपके दिसले तर ज्या ओल्या रात्रीने ते आणले ती गेल्या आठवड्यात होऊन गेली. ठिपका दिसताच ते पान आणि त्याच्या लगतची पानं काढा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

भुरी. ही वेगळी. पानाच्या वरच्या बाजूला टाल्कम पावडर शिंपडल्यासारखे पांढरे गोल डाग पडतात आणि बोटाने पुसले जातात. भुरीला पानावर पाणी लागत नाही. उलट पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. तिला दिवसा कोरडी हवा, रात्री गारवा आणि दाट सावली आवडते, म्हणून ती हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या तोंडाला येते.

या दोघांत गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. केवड्याचा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, तो पाणबुरशीच्या गटातला आहे. भुरीसाठी बनवलेली औषधं त्याच्यावर चालत नाहीत. दुकानात जाऊन काकडीवर पांढरं पडलंय एवढंच सांगाल तर हाती येणारी बाटली निम्म्या वेळा चुकीची असेल. पान सोबत न्या, किंवा दोन्ही बाजूंचे फोटो.

करपा. तपकिरी गोलसर डाग, पुढे मध्यभाग सुकून गळतो आणि पानाला भोक पडतं. फळावर खोलगट डाग येतात. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो. छप्पर आणि पाचोळा यांनीच तो बराचसा अडतो.

मोझॅक. पानावर गडद-फिकट हिरव्याची नक्षी, पान आखडलेलं, काकडी खडबडीत आणि चट्ट्याचट्ट्यांची. हा विषाणू आहे, याला औषध नाही. मावा तो आणतो, आणि रोगट झाडावर सोंड टेकवल्यावर काही सेकंदांत तो पसरवण्याजोगा होतो, त्यामुळे मावा दिसल्यावर फवारून हा रोग थांबत नाही. मावा वेलावर उतरूच नये यासाठी चंदेरी मल्चिंग पेपरचा तुकडा चंदेरी बाजू वर ठेवून कुंडीत अंथरा. त्याच्या चकाकीने उडता मावा बिचकतो. आजारी वेल मात्र उपटा. मन होत नाही, हे मला माहीत आहे. पण शेजारची मिरची आणि टोमॅटोही त्याच विषाणूला बळी पडतात.

काही गोष्टी रोग वाटतात पण रोग नसतात. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी, ते पान खुडलं की झालं. एप्रिलमध्ये पानावर बारीक पिवळे टिपके आणि खाली कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तो लाल कोळी. त्यासाठी सकाळी पानाची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने दोन-तीन दिवस धुवा. पान ओलं करायचं हे एकच निमित्त मला मान्य आहे, आणि तेही कोरड्या उन्हाळ्यात सकाळीच. दीड-दोन महिन्यांच्या वेलाची अगदी खालची दोन पानं पिवळी पडणं हे वय आहे.

सातवी पायरी: फवारणी

फवारणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर करा. काकडीची फुलं सकाळी उमलतात आणि मधमाश्या तेव्हाच येतात. त्या आल्या नाहीत तर बहुतेक गावरान वाणांना फळच धरत नाही. द्रावण सुकायला तासभर मिळेल इतकी वेळ हाती ठेवा, आणि कोणतंही द्रावण आधी दोन पानांवर फवारून दुसऱ्या दिवशी पान भाजलं नाही ना ते बघा.

मावा, पांढरी माशी यांच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, पाणी घालून एक लिटर करा, साबणाचे चार थेंब टाका. त्याच संध्याकाळी वापरा. जोडीला एक पिवळा चिकट सापळा टांगा.

भुरीसाठी दूध. ऐकायला घरगुती तोडगा वाटतो, पण ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेटिओल यांनी १९९९ साली झुकिनीच्या भुरीवर गाईच्या ताज्या दुधाचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि दहा टक्के किंवा त्याहून जास्त दुधाच्या फवाऱ्याने भुरी चांगली आवरली. शंभर मिलिलिटर दूध, नऊशे मिलिलिटर पाणी, आठवड्यातून एक-दोनदा, पहिला डाग दिसताच. पान पूर्ण पांढरं झाल्यावर नव्हे. गंधक भुरीवर उत्तम चालतं, पण काकडीच्या कुळाला ते कडक उन्हात सोसत नाही, पानं करपतात. मार्चनंतर घरी वापरू नका.

केवडा आणि करप्यासाठी बोर्डो मिश्रण. याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षांना चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना फासत असत. नेमक्या त्याच वेलांवर केवडा नाही, हे बोर्दोचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्यांनी हा उपाय जाहीर केला. द्राक्षाचा केवडा (ज्याला बागायतदार डाऊनी म्हणतात) आणि काकडीचा केवडा हे एकाच कुळातले. आपले द्राक्ष बागायतदार बोर्डो आजही वापरतात.

घरासाठी अर्धा टक्का पुरे. पाच ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, पाच ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. मग त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडी निवळी घाला. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवा. चार-पाच पानांच्या बाळरोपावर फवारू नका, तांबं त्याला भाजतं. हे मिश्रण रोग येऊ नये म्हणून आहे, आत शिरलेला केवडा ते काढू शकत नाही, म्हणून पावसाची झड लागायच्या आधी पानाच्या दोन्ही बाजूंना लागेल असं फवारा. फवारताना तोंडाला फडकं आणि हातात मोजे असू द्या. फवारण्याआधी तयार काकड्या तोडून घ्या, नंतरच्या चोळून धुवा.

आठवी पायरी: वेल वेळेवर काढा

काकडीचा वेल तीनेक महिन्यांचा सोबती आहे. अडीच महिन्यांनंतर त्याच्यावर भुरी आली तर मी औषध शोधत बसत नाही. पहिल्या पेरणीनंतर महिन्याभराने दुसऱ्या कुंडीत बी टाकून ठेवलेलं असतं. म्हातारा रोगट वेल उभा ठेवला तर नव्या वेलाला त्याचाच रोग लागतो, म्हणून नवा वेल ताटीवर चढायच्या आत जुना मुळासकट काढा. रोगट पाला कंपोस्टमध्ये टाकू नका, घरच्या कंपोस्टच्या डब्यात सगळे रोगजंतू मरतील इतकी उष्णता क्वचितच होते.

उरलेली माती एप्रिल-मेच्या उन्हात तापवा. गच्चीवर प्लॅस्टिकवर ती वीतभर जाडीने पसरा, पाणी शिंपडून ओलसर करा, वरून पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा विटांनी दाबा. काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. चार ते सहा आठवडे उघडू नका. मग शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळा, आणि पहिल्या पावसाला त्या मातीत भेंडी किंवा चवळी लावा. काकडीची पाळी त्या कुंडीत दोन वर्षांनी.